४२ मुलं, मोबाइल नाही: शाळेतून वर्षभर निसर्गनोंदी करायच्या तर सुरुवात कुठून करावी?

कोरेगाव_विज्ञान

नमस्कार. कोरेगाव तालुक्यातल्या माध्यमिक शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवते. शाळा सुरू झाली की मुलांकडून वर्षभर निसर्गाच्या नोंदी करून घ्यायच्या आहेत. भिंतीवर तक्ता लावून संपणारा उपक्रम नको. पुढे एखाद्या अभ्यासकाला खरंच वापरता येईल अशी माहिती हवी.

परिस्थिती अशी: मुलं ४२. आठवड्याला ३५ मिनिटांची एक तासिका मिळते, शिवाय शनिवारी सकाळची शाळा. मुलांना मोबाइल आणायला बंदी, म्हणजे फोन एकच, माझा. आवारात आणि रस्त्याकडेला करंज, कडुनिंब, आंबा, चिंच, गुलमोहर ही झाडं भरपूर, दोन मोठे वड आहेत. कुंपणापलीकडे ओढा आहे. खर्च तीन हजारांपर्यंत करता येईल.

झाडं, पक्षी, ओढ्याचं पाणी आणि पाऊस अशा चार गोष्टी डोक्यात आहेत. चारही एकदम घ्याव्यात का? ॲपशिवाय हे जमतं का? आणि मे महिन्याच्या सुट्टीत नोंदी तुटतात त्याचं काय करायचं?

---

करंजमाळ

मॅडम, चारही एकदम घेऊ नका. झाडांपासून सुरू करा. झाड पळून जात नाही, पुढच्या आठवड्यात तिथंच सापडतं, आणि चूक झाली तर पुन्हा जाऊन बघता येतं. नवख्या मुलांना एवढी सवलत दुसरं काही देत नाही.

देशपातळीवर याच कामासाठी सीझनवॉच आहे (नेचर कन्झर्वेशन फाउंडेशन ते चालवतं). एक झाड निवडायचं आणि दर आठवड्याला त्याची पानं, फुलं, फळं कोणत्या अवस्थेत आहेत ते लिहायचं. पानं कोवळी, जून की गळायला आलेली. फुलं कळी की उमललेली. फळं कच्ची, पिकलेली की उकललेली. प्रत्येकापुढं ‘नाही’, ‘थोडी’ किंवा ‘खूप’. मुलांनी कागदावर लिहायचं आणि महिन्याकाठी तुमच्या एका फोनवरून किंवा शाळेच्या संगणकावरून भरायचं. म्हणजे मोबाइलबंदी आड येत नाही.

आता आखणी. ४२ मुलांच्या २१ जोड्या होतात. मोह होतो तो २१ जातींची २१ झाडं घेण्याचा. तसं करू नका. एका जातीचं एकच झाड असेल तर ते आजारी आहे, त्याच्या मुळाशी सांडपाणी जातंय की ती त्या जातीची रीतच आहे, हे कधीच कळणार नाही. ५ जाती, प्रत्येकी ४ झाडं, अशी २० झाडं घ्या. करंज, कडुनिंब, आंबा, चिंच आहेतच. पाचवं गुलमोहराऐवजी जवळपास पळस, बहावा किंवा काटेसावर मिळत असेल तर ते. वड, पिंपळ, उंबर पहिल्या वर्षी टाळा. त्यांची फुलं फळासारख्या दिसणाऱ्या गोळ्याच्या आत असतात, त्यामुळं फुलांचा रकाना भरताना वर्गात नुसता वाद होतो.

एकविसावी जोडी तपासनिसांची. दर आठवड्याला चिठ्ठ्या टाकून ३ झाडं काढायची आणि मूळ जोडीची नोंद न बघता त्यांची स्वतंत्र नोंद करायची. दर महिन्याला ही जोडी बदला. तीनपैकी दोन झाडांवर मत जुळत नसेल तर दोष मुलांचा नसतो, व्याख्या ढिली असते. म्हणून पहिल्याच तासाला ‘थोडी’ म्हणजे किती ते ठरवा: झाडाच्या फांद्यांच्या पसाऱ्याच्या एक-तृतीयांशाहून कमी भागावर असेल तर ‘थोडी’, त्याहून जास्त तर ‘खूप’. एका फांदीवर मोहोराचे गच्च तुरे दिसले की मुलं हमखास ‘खूप’ लिहितात. झाडाभोवती पूर्ण फेरी मारल्याशिवाय पेन उघडायचं नाही, हा नियम ठेवा.

नेहमी कुठं चुकतं ते सांगतो:

आंब्याची कोवळी पालवी तांबूस असते, तिला मुलं ‘वाळकी पानं’ म्हणतात. हात लावून बघायला सांगा. पालवी मऊ आणि लोंबती, वाळकं पान करकरीत. कडुनिंबालाही हेच. करंजाच्या पानांवर माइटमुळं (कोळ्याच्या कुळातला अगदी बारीक जीव) गाठी येतात, त्या फळ म्हणून लिहिल्या जातात. गुलमोहराच्या आणि चिंचेच्या जुन्या शेंगा कितीतरी महिने झाडावरच राहतात. त्या यंदाच्या समजल्या तर वर्षभर ‘फळं आहेत’ असंच दिसेल. जुनी काळपट शेंग वेगळी नोंदवायची की सोडायची ते आधीच ठरवा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

झाडाला खिळा मारून क्रमांक लावू नका. खोडावर छातीच्या उंचीला रंगाने आकडा लिहा. सुतळीने पाटी बांधली तर दर सहा महिन्यांनी सैल करावी लागते, नाहीतर खोड वाढतं तशी ती सालीत रुतते. खोडाचा घेर मोजायला शिंप्याची टेप पुरते, जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर. वर्षातून एकदाच मोजा.

मे महिन्याचा प्रश्न मात्र खरा आहे. पिकणारा आंबा, फुललेला बहावा, जांभळं, सगळं नेमकं तेव्हाच. त्यासाठी झाडं निवडतानाच प्रत्येक जातीतलं निदान एक झाड शाळेजवळ राहणाऱ्या मुलांच्या वाटेवरचं घ्या. सुट्टीत २० झाडं जमली नाहीत तरी ६ झाडांची अखंड नोंद चालेल. नोंद चुकली तर रकाना रिकामा ठेवायचा. ‘मागच्या आठवड्यासारखंच असेल’ म्हणून भरलेला रकाना सगळी वही नासवतो, कारण खरा कोणता आणि भरीचा कोणता ते नंतर कुणालाच ओळखता येत नाही.

---

येरळाकाठ

वरच्या उत्तराशी सहमत. पण पक्षी पूर्ण सोडू नका, शनिवारची सकाळची शाळा वाया जाईल. महिन्यातून दोन शनिवार, सूर्य वर यायच्या आत, फक्त १५ मिनिटं.

सगळे एका जागी थांबायचं, फिरायचं नाही. ५-६ मुलांचे गट करा: दोघं बघणारे, एक मोजणारा, एक लिहिणारा, एक घड्याळवाला. ४२ मुलं एकत्र गेली तर कावळे आणि साळुंक्या सोडून काही थांबत नाही. म्हणून एका शनिवारी दोनच गट बाहेर, दोन वेगळ्या जागी. बाकीचे वर्गात मागच्या नोंदी आलेखावर चढवतील.

ईबर्डवर (पक्ष्यांच्या नोंदी भरायचं संकेतस्थळ आणि ॲप) नोंद भरताना एक प्रश्न येतो: ओळखता आलेल्या सगळ्या जाती लिहिल्या आहेत का? याचं उत्तर ‘होय’ देता येईल अशीच नोंद करा. म्हणजे कावळा, चिमणी, पारवा यांनाही जागा द्यायची. फक्त ‘भारी’ पक्षी लिहिले तर त्या यादीवरून कोणता पक्षी नव्हता हे कळत नाही, आणि अभ्यासकाला ‘नव्हता’ हेच जास्त हवं असतं. वेळ, जागा आणि आकडा या तिन्ही गोष्टी हव्यात. आकडा मोजलाच नसेल तर तिथं इंग्रजी एक्स टाकता येतो, पण त्याची सवय लावू नका. थवा असेल तर दहा पक्षी मोजा, ते थव्याचा केवढा तुकडा व्यापतात ते बघा आणि तसे किती तुकडे होतात ते मोजा. तीच चिमणी पाच वेळा आली तर पाच लिहायच्या नाहीत; एका वेळी जास्तीत जास्त किती दिसल्या तो आकडा.

एका गटाची एकच यादी. सहा मुलांनी सहा खात्यांवरून तीच यादी भरली तर ३० साळुंक्यांच्या १८० होतात. शाळेचं एकच खातं ठेवा.

पहिल्या महिन्यात २० पक्षी पक्के करून घ्या, त्याहून जास्त नकोत: गावकावळा आणि डोमकावळा यांतला फरक, लालबुड्या बुलबुल, साळुंकी, वेडा राघू, कोतवाल, खंड्या, दयाळ, सातभाई, शिंजीर, टिटवी, ढोकरी, गायबगळा, घार, भारद्वाज वगैरे. जे ओळखलं नाही ते ‘न ओळखलेला’ म्हणून लिहिणं हे चांगलं काम आहे, हे मुलांना पुन:पुन्हा सांगा. अंदाजाने ठोकलेलं नाव त्याहून वाईट. दुर्बीण नसली तरी अडत नाही. घ्यायचीच तर ८×४२ ची (आठ पट मोठं दाखवणारी) एक पुढच्या वर्षी.

दोन तारखा धरून ठेवा. ५ ते १२ नोव्हेंबर राज्याचा पक्षी सप्ताह (मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिवसांमधला), पण तो बरेचदा दिवाळीच्या सुट्टीत जातो. त्यापेक्षा फेब्रुवारीतली चार दिवसांची ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट ही जगभरची पक्षीमोजणी शाळेला सोयीची. भारत त्यात २०१३ पासून आहे आणि शाळा-कॉलेजच्या आवारांसाठी त्याच दिवसांत वेगळी मोजणी असते. त्या आठवड्यात मायणी-येरळवाडीच्या तलावांवर सहल नेता आली तर पाणपक्षी मिळतील. पण सहलीची यादी शाळेच्या यादीत मिसळू नका, जागा वेगळी ती वेगळीच.

---

माणदेशी_मिलिमीटर

झाडांना माझा विरोध नाही, पण सुरुवात पावसापासून व्हावी. एक तर शाळा जूनमध्ये सुरू होते तेव्हा पाऊसच सुरू होतो. दुसरं म्हणजे सातारा जिल्ह्यात पावसाची नोंद जितकं शिकवते तितकं दुसरं काही शिकवणार नाही: महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर, आणि त्याच जिल्ह्यात माणमध्ये पाचशेच्या आसपास. तुमचं कोरेगाव या दोन टोकांच्या मधे.

विकतचा पर्जन्यमापक लागत नाही. चार इंची पीव्हीसी पाइपचा २० सेंमीचा तुकडा घ्या, कड करवतीने सरळ कापून घासून घ्या. आत साधारण १० सेंमी खोल प्लॅस्टिकचं नरसाळं एम-सीलने बसवा, खाली २ लिटरची बाटली. नरसाळं कडेपर्यंत वर बसवलं तर जोराचे थेंब उडून बाहेर जातात, म्हणून ही उभी भिंत हवी.

आता गणित, इथंच सगळे चुकतात. तोंडाचा आतला व्यास मोजा. समजा १०.४ सेंमी भरला. क्षेत्रफळ = ०.७८५ × १०.४ × १०.४ = सुमारे ८५ चौरस सेंमी. म्हणजे ८.५ मिली पाणी जमलं की १ मिमी पाऊस. बाटलीतलं पाणी प्रयोगशाळेतल्या मोजपात्रात ओतायचं, मिलीचा आकडा ८.५ ने भागायचा. पाइपवर छापलेला ११० मिमी हा बाहेरचा व्यास असतो. तो धरला तर प्रत्येक आकडा सुमारे ११ टक्के कमी येतो आणि वर्षभर कुणाच्या लक्षातही येत नाही.

जागा मोकळी हवी: इमारत किंवा झाड जितकं उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर. तोंड जमिनीपासून ३० सेंमी वर आणि पाणसळीने सपाट. गच्चीवर ठेवू नका, वाऱ्याने पाऊस तोंडावरून निघून जातो. जून-जुलैत नरसाळ्यात पालापाचोळा अडकतो, रोज बघा. बाटली सावलीत किंवा पांढऱ्या डब्यात, नाहीतर उन्हाने पाणी उडतं.

वेळ रोज सकाळी ८.३०. हवामान खातं दिवस इथूनच मोजतं, त्यामुळं तुमचा आकडा त्यांच्या आकड्याशेजारी ठेवता येतो. रविवारी कुणी गेलं नाही तर सोमवारी ‘२ दिवसांचा एकत्र’ असं लिहा, दोनने भागू नका. पाऊस नसेल तर ० लिहा. मोजलाच नसेल तर आडवी रेघ. शून्य आणि रेघ यांत गल्लत झाली की वार्षिक बेरीज निरुपयोगी. २.५ मिमी किंवा जास्त झाला तर तो खात्याच्या हिशेबाने ‘पावसाचा दिवस’, हेही मुलांना मोजता येतं.

पाटण, जावळी, महाबळेश्वरकडच्या शाळेशी जोडी लावलीत तर त्यांना २ लिटरची बाटली पुरणार नाही. एका दिवसात ३०० मिमी म्हणजे या मापाने २.५ लिटरहून जास्त पाणी. तिकडं ५ लिटरचा कॅन लावा.

---

कोरेगाव_विज्ञान

सगळ्यांचे मनापासून आभार. पाऊस आणि झाडं जूनपासून, पक्षी ऑगस्टपासून असं धरते. ओढ्याचं कुणी काही बोललं नाही. पीएचच्या पट्ट्या शाळेत आहेत, त्यांनी महिन्यातून एकदा पाणी तपासलं तर उपयोग होईल का? आणि आयनॅचरलिस्ट (फोटो टाकून झाडं-प्राणी ओळखायचं ॲप) वापरावं का? सहकारी म्हणतात तेच सगळ्यात सोपं.

---

हरिपूर_संगम

पट्टीने प्रदूषण सिद्ध होत नाही, हे पहिल्यांदा. साध्या पट्टीवर अर्ध्या-एका अंकाचा फरकच कळतो. त्यात पाण्यात शेवाळ असेल तर दिवसाउजेडी ते कर्बवायू ओढून घेतं आणि दुपारी पीएच सकाळपेक्षा वर जातो. एकदा सकाळी, एकदा दुपारी मोजलंत तर ओढा बदलला असं वाटेल, बदललेली असते ती फक्त वेळ.

त्यापेक्षा दगडाखालचे जीव बघा. नोव्हेंबर ते जानेवारी, घोट्याएवढं वाहतं पाणी. प्रवाहाच्या वरच्या अंगाला तोंड करून उभं राहायचं, मुठीएवढा दगड उचलायचा, खाली चाळणी धरायची, दगड पांढऱ्या ट्रेमध्ये मऊ ब्रशने झाडायचा. प्रत्येक वेळी १० दगड, २० मिनिटं, मग सगळे जीव त्याच जागी परत. पोटाच्या दोन्ही अंगांना कल्ले आणि बहुधा तीन शेपट्या असल्या तर मेफ्लाय या किड्याचं पिल्लू. वाळूकण-काड्यांचं नळीसारखं घर करून राहणारी ती कॅडिसफ्लाय या किड्याची अळी. या दोन्ही तऱ्हा भरपूर मिळाल्या तर पाण्यात प्राणवायू चांगला आहे. फक्त लाल, वळवळणाऱ्या अळ्या आणि गांडुळासारखे बारीक किडे मिळाले तर सांडपाणी येत असणार. त्या अळ्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं म्हणून त्या लाल दिसतात आणि कमी प्राणवायूतही तगतात. गावाच्या वर एक जागा, खाली एक जागा, अशी तुलना करा. एकाच जागेवरून काही बोलता येत नाही.

पण जून ते ऑक्टोबर मुलांना पाण्याकडं नेऊ नका, ओढा असला तरी. आणि हे उत्तर वाचून सांगली बाजूच्या कुणी कृष्णेत उतरायचा विचार करत असेल तर स्पष्ट सांगतो: भिलवडी-औदुंबरच्या पट्ट्यात नदीत मगरी आहेत, काठावरही मुलांचा गट थांबवू नये. सांगलीत नदीची नोंद हवीच असेल तर आयर्विन पुलाजवळची पाण्याची पातळी रोज लिहा. इशारा ४० फूट, धोका ४५ फूट. वरच्या भागातल्या शाळांचा पाऊस आणि इथली पातळी एका आलेखावर आली की मुलांना खोरं म्हणजे काय ते शब्दांवाचून समजतं.

---

पठारवाट

आयनॅचरलिस्ट वाईट नाही, वर्गासाठी सक्तीचं करणं वाईट. ‘प्रत्येकाने १० फोटो टाका’ म्हटलं की कुंडीतली जास्वंद, मित्राचा चेहरा आणि धुरकट पानं येतात. लागवडीची झाडं ‘लावलेलं’ अशी खूण करून टाकावी लागतात, ते कुणी करत नाही. त्याहून मोठा घोळ: वर्गमित्र एकमेकांच्या नोंदीला ‘सहमत’ करतात आणि दोन-चार सहमतींवर चुकीचं नाव पक्क्या दर्जाला पोचतं. नियम ठेवा, ज्याने स्वतः ओळखलं त्यानेच सहमती द्यायची.

एकाच फोनवर करायचं तर आठवड्याला ३ नोंदी, वर्गाने निवडलेल्या. वनस्पती असेल तर तीन फोटो: पूर्ण झाड किंवा रोप, पानाची दोन्ही अंगं, फूल किंवा फळ. नुसत्या फुलाच्या फोटोवरून जात ठरत नाही. मुलांच्या घराजवळच्या नोंदींची जागा ‘धूसर’ ठेवा. मग नकाशावर नेमका बिंदू न दिसता सुमारे २० किमीच्या चौकटीत कुठंतरी दिसतो.

साताऱ्याजवळच्या कास पठारावर सहल काढणार असाल तर तिथं प्रकल्प करू नका, फक्त बघा. कातळावरची माती बोटभर, पाय पडला की वायतुऱ्यासारख्या तिथल्याच वनस्पती चिरडतात. दुर्मीळ फुलाची जागा समूहात किंवा फोटोखाली लिहू नका. घरट्याचा फोटो नको, फोनवर आवाज वाजवून पक्षी बोलावणं नको.

---

कोरेगाव_विज्ञान

शेवटचे दोन प्रश्न. गावातल्या लोकांना यात कसं घ्यावं? आणि विज्ञान प्रदर्शनात मुलांनी यातून काय मांडावं?

---

करंजमाळ

ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, २००२ च्या कायद्यानुसार, आणि तिच्याकडं लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. ती आधी मागून वाचा. दुसऱ्या गावची यादी उतरवून काढलेली असेल तर ते तिथंच कळतं: त्यात तुमच्या शिवारात नसलेली झाडं सापडतात. मुलांच्या नोंदीतून ती दुरुस्त करून देणं हे गावाच्या उपयोगाचं काम आहे, आणि त्यासाठी मेंढपाळ, बागायतदार, ओढ्याकाठची म्हातारी माणसं यांच्याकडं जावंच लागतं. त्यांना ‘पूर्वी पक्षी जास्त होते का’ असं विचारू नका, उत्तर ‘हो’ ठरलेलं असतं. ‘पोळ्याच्या सुमाराला कोणत्या झाडाला फळ असायचं’, ‘पावशा कधी ऐकू यायचा’ असं विचारा. त्या माणसाने सांगितलेलं नाव जसंच्या तसं लिहा, पुस्तकातलं नाव पुढच्या रकान्यात. सांगणाऱ्याने परवानगी दिली नाही तर औषधी उपयोग लिहू नका.

प्रदर्शनासाठी आलेखाचा एक मोठा कागद पुरे: आडवे ५२ आठवडे, उभी २० झाडं, पालवीला हिरवा चौकोन, फुलाला पिवळा, फळाला तांबडा, नोंद नसेल तर कोरा. एकाच जातीची चार झाडं एकाखाली एक. त्याच्या वर पावसाचे खांब. मुलांना विचारा: चारही करंज एकाच आठवड्यात पालवतात का? ओढ्याजवळचा आधी की रस्त्याकडेचा? पाटणच्या शाळेचा कागद मिळाला तर तो शेजारी लावा.

तक्त्यावर ‘हवामानबदलामुळे’ हा शब्द येऊ देऊ नका, परीक्षक कितीही खूश होत असले तरी. एका वर्षाची नोंद ही पुढच्या वर्षांशी तुलना करायची पहिली ओळ आहे, तिच्यावरून बदल दिसत नाही.

---

माणदेशी_मिलिमीटर

एक राहिलं. सुट्या कागदांवर नोंदी ठेवू नका, पहिल्याच पावसात निम्मे हरवतात. एक बांधीव रजिस्टर, पानांना क्रमांक, पेनने लिहायचं. चुकलं तर एकच रेघ मारून शेजारी बरोबर आकडा आणि सही; खोडरबर किंवा व्हाइटनर नाही. तारीख दिवस-महिना-वर्ष, महिना अक्षरी लिहा, कारण ५/६ म्हणजे मे की जून हे दहा वर्षांनी कळत नाही. महिनाअखेरीस प्रत्येक पानाचा तुमच्या फोनवर फोटो काढून शाळेच्या ईमेलवर पाठवा. आणि ती नववी पुढं दहावीत गेली की रजिस्टर कुणाकडं द्यायचं, त्या आठवीतल्या दोन मुलांची नावं जानेवारीतच ठरवून शेवटचे तीन महिने त्यांना बरोबर फिरवा.